नवमीची खीर

भाद्रपद पौर्णिमा उलटली की माझ्या गिरणीचा वास बदलतो. एरवी गव्हाचा कोरडा, बाजरीचा जरा उग्र असा रोजचा वास. पण पितृपंधरवडा लागला की उडीद, हरभऱ्याची डाळ, तांदूळ, धने, मेथीदाणे एकत्र घातलेले डबे यायला लागतात. वड्यांचं पीठ. जाडसर दळायचं. पट्टा फिरला की आधी धन्याचा वास सुटतो, मग मागून मेथीचा कडवटपणा येतो, आणि हिरावाडीतल्या आमच्या गल्लीला शेवटच्या घरापर्यंत कळतं की आज कुणाचे तरी पितर जेवायला येणार. या वासाने लोकांना घरची गेलेली माणसं आठवतात. मला, इतकी वर्षं झाली तरी, एक कुत्रा आठवतो.

गिरणीत वजनकाट्याशेजारी एक निळा ड्रम आहे. तो तेजूने आणून ठेवला. तेजू म्हणजे आमच्याच गल्लीतली तेजस्विनी. नोकरी सांभाळून उरलेला सगळा जीव ती म्हसरूळच्या पुढच्या एका शेडमध्ये ओतते. वर पत्रे, खाली कोबा, आणि मधे गाडीखाली आलेली, म्हातारी झाली म्हणून सोडून दिलेली, एका डोळ्याची, तीन पायांची कुत्री. एक दिवस येऊन म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे रोज एवढे डबे येतात. प्रत्येकाने एक मूठ टाकली तरी माझी पोरं जेवतील." मी म्हटलं, "ठेव बाई. पण किडे झाले तर ड्रम रस्त्यावर फेकीन." तेव्हापासून आमच्या गिरणीचा नियम झाला. दळण आणलं की आपल्या डब्यातलं मूठभर धान्य आपल्या हाताने ड्रममध्ये टाकायचं. मी काढून घेणार नाही, मागणारही नाही. नुसती बघेन.

आणि मी जी बघते ना, ती बघण्यासारखी असते असं गिऱ्हाइकं म्हणतात. असेलही. आयुष्यभर पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोललेली बाई आहे मी, माझ्या घशात गोड काही उरलेलं नाही. पण त्या ड्रमपाशी उभं राहून मला माणसं कळायला लागली. बंगल्यातली बाई मूठ भरते आणि टाकताना अर्धी परत डब्यात सोडते. भाड्याच्या खोलीतला गवंडी दोन्ही हातांची ओंजळ टाकतो आणि वर विचारतो, "बास का?" कुणाचा हात ओला, कुणाच्या बांगड्या ड्रमच्या काठाला वाजतात. आठवड्याचं धान्य जमलं की मी त्याचा भरडा काढते, तेजू तो चिकनवाल्याकडच्या माना-पायांबरोबर शिजवते. शिजताना जो वास येतो त्याने शेडमधलं एकूण एक कुत्रं उठून उभं राहतं. लंगडंसुद्धा.

पंधरवड्यात मात्र ड्रम कमी पडतो. कावळ्याचा घास, गाईचा घास, कुत्र्याचा घास, तिघांचे घास काढायचे म्हटल्यावर वर्षभर कुत्र्याला दगड मारणारी माणसं डबे घेऊन दारात. वडे, पुऱ्या, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. एकाने तर मिसळीची तर्री आणली होती, लाल तवंग डब्याच्या झाकणापर्यंत. "आमच्या वडिलांना मिसळ फार आवडायची." मी म्हटलं, "अहो, मग वडिलांना द्या, कुत्र्याचं पोट कशाला जाळता?" तेजूने शेवटी खडूने पाटी लिहून लावली. तिखट नको, तळलेलं नको, चॉकलेट नको, कांदा-लसूण नको. त्यावर गल्लीने हसून घेतलं. "काय हो मावशी, तुमची कुत्री चातुर्मास पाळतात वाटतं?" हसा. कांदा कुत्र्याच्या रक्तात विष होतो, हे नाशकात सांगायचं म्हणजे कसं वाटतं? कांद्याचं लासलगाव इथून असं कितीसं लांब आहे! पण निदान कांदा पाटीवर होता. पाटीवर काय नव्हतं, ते आम्हाला त्या वर्षीच्या नवमीला कळलं.

निकम नाना आमच्या गल्लीत कोपऱ्यावर राहतात. मूळचे पिंपळगाव बसवंतचे, भावाची द्राक्षबाग अजून तिकडे आहे. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली माई म्हणायची. माई म्हणजे ठसठशीत कुंकू, मोठा आवाज, आणि पायात सतत घोटाळणारा बंडू. बंडू म्हणजे त्यांचा मुलगा नव्हे. मुलगा पुण्याला. बंडू म्हणजे तपकिरी रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला, गल्लीतलाच कुत्रा. माई दळणाला आली की हा आधी गिरणीत येऊन पिठात लोळायचा आणि पांढरा होऊन बाहेर पडायचा. मी झाडू उगारला की माई म्हणायची, "मारू नको गं, आत्ताच आंघोळ घातलीय." आंघोळ तिने घालायची, पीठ माझं वाया जायचं, आणि वर मलाच बोलणी.

त्या वर्षी थंडीत माई गेली. चार दिवस दवाखान्यात होती आणि गेली. बंडू दारात बसून राहिला. रडायचा, म्हणजे माणूस रडतं तसा नाही, एकाच लांब सुरात. नानांना ते सहन होईना. एका सकाळी त्यांनी तेजूला बोलावून सांगितलं, "याला घेऊन जा. मला याच्याकडे बघवत नाही." तेजू घेऊन गेली. नंतर नाना दर आठवड्याला दळण घेऊन यायचे, ड्रममध्ये मूठभर, कधी दोन मुठी बाजरी टाकायचे, पण बंडूचं नाव काढायचे नाहीत. मीही काढलं नाही. मला त्यांचा मनापासून राग आला होता, खरं सांगते. बाई गेली, ठीक आहे, आपल्या हातात काय. पण तिच्या जिवाला असं दुसऱ्याच्या पत्र्याखाली सोडून यायचं? आणि वर मूठमूठ बाजरी टाकून विचारायचंही नाही की जेवतो का, आहे कसा?

पंधरवड्यातली नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. अविधवा नवमी. माईची पहिलीच. आदल्या दिवशी नाना वड्यांचं पीठ दळून घेऊन गेले. मुलाला सुट्टी मिळाली नव्हती. मी विचारलं, "स्वयंपाकाला कोणी येतंय ना?" म्हणाले, "बाई येणार आहे. खीर मात्र मी करणार. तिची खीर मला येते." एवढंच बोलून गेले.

नवमीला भादव्याचं ऊन कडकडीत पडलं होतं. दुपारी वीज गेली. पट्टा थांबला की गिरणीत जी शांतता होते ती मला कधीच सोसत नाही, कान भणभणतात. तेवढ्यात तेजू सुट्टी काढून ड्रम रिकामा करायला रिक्षा घेऊन आली, आणि तिच्यामागून नाना. स्वच्छ पांढरा लेंगा-सदरा, कपाळाला गंध, चेहरा मात्र पार उतरलेला. हातात केळीच्या पानाची पुडी आणि स्टीलचा डबा.

"शिवला नाही," नाना म्हणाले.

काय झालं ते मग हळूहळू बाहेर आलं. गच्चीवर माईचं पान ठेवलं, सगळं होतं त्यावर. आणि कावळा येईना. ऊन तापलं, वडे वाळले, नाना कठड्याला धरून उभेच. गुरुजी दुसऱ्या घरी निघून गेले. जेवायला बोलावलेली सवाष्ण ताटकळून शेवटी जेवून गेली. एक कावळा समोरच्या टाकीवर बसला, पानाकडे बघितलं आणि उडून गेला. आता यात गूढ काही नाही. पंधरवड्यात नाशकातले सगळे कावळे रामकुंडावर असतात. तिथे एवढी पानं मांडलेली असतात की कावळ्यांना पोट उरत नाही. हिरावाडीतल्या गच्चीवरच्या वड्याला कोण विचारतो? पण हे मी नानांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? पानाला कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय, हे ऐकतच तर आपण मोठे झालो.

"कशात अडकलाय ते मला माहीत आहे," नाना म्हणाले. "तेजू, मला बंडूकडे ने. हे पान त्यालाच घालतो."

माझा सगळा राग त्या क्षणी उतरला. मला इतकं बरं वाटलं की मी गिरणीचं शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर रिक्षात बसले.

मधेच सांगते, आज सकाळचीच गोष्ट. आडगावकडच्या एक बाई पानात बांधलेलं जेवण घेऊन आल्या. मी पुडी उघडून बोटाने खीर चिवडायला लागले. त्या बिचाऱ्या बघतच राहिल्या. "आवो मावशी, पितराचं हाय, असं उष्टं नका करू." मी म्हटलं, "पितराचं आहे म्हणूनच चिवडते." गल्लीतल्या नव्या माणसांना वाटतं ही म्हातारी चक्रम आहे. वाटू दे. कुत्र्यांसाठी आलेलं काहीही माझं बोट फिरल्याशिवाय आता तेजूच्या रिक्षात चढत नाही.

तर त्या नवमीला आम्ही शेडवर पोहोचलो. सगळी कुत्री जाळीला येऊन भुंकायला लागली. बंडू आला नाही. कोपऱ्यात पोतं होतं, त्यावर बसून नुसता बघत राहिला. खूप वाळला होता. नाना जाळीच्या आत गेले, खाली कोब्यावर बसले, पान उलगडलं, डब्यातली खीर त्यावर ओतली आणि म्हणाले, "बंड्या. ये रे." बंडू उठला. थांबला. परत दोन पावलं. मग त्याने नानांचा हात हुंगला, आणि एकदम तो लांब सूर काढला, जो आम्ही थंडीत ऐकला होता. मी आणि तेजू दोघीही रडत होतो, लपवून काय उपयोग. बंडूने पान चाटून पुसून साफ केलं.

पानाच्या शिरेत एक काळपट काहीतरी चिकटून राहिलं होतं. तेजूने डोळे पुसत ते उचललं. आणि तिचा चेहरा बदलला.

"नाना, खिरीत मनुके होते?"

"होते म्हणजे?" नाना बंडूकडे बघून हसत होते. "माईची खीर मनुक्यांशिवाय? भावाच्या बागेतले, घरी वाळवलेले. मूठभर घातलेत. ती म्हणायची, मनुके मोजायचे नसतात, मूठ भरून घालायचे."

तेजू फोन लावायला लागली. मी विचारलं, काय झालं गं, तर नुसता हात केला. पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, तेव्हा तिच्या बोलण्यातून मला कळलं. द्राक्षं आणि मनुके. कुत्र्यांच्या किडनीला. कांदा आणि द्राक्ष! सगळं नाशिक ज्या दोन पिकांवर जगतं, ती दोन्ही आमच्या पोरांना विष. आणि आम्ही शहाण्यांनी पाटीवर एकच लिहिलं होतं, कारण कुत्र्याला मनुके कोण घालणार!

नानांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, आणि तो लेंग्याला पुसायला लागले. पुसतच राहिले.

मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून मिठाचा डबा उचलला. आमच्याकडे कुणी भलतंसलतं खाल्लं की मिठाचं पाणी पाजून उलटी काढतात. तेजू किंचाळली, "मावशी, मीठ नको! डॉक्टर नको म्हणालेत, त्याने अजून बिघडेल. ते येतायत." ते येतायत! पंधरवड्यातली पंचवटी, बाहेरगावच्या गाड्या, दिंडोरी रोडपर्यंत सगळं तुंबलेलं. आम्ही रस्त्याकडे डोळे लावून बसलो. प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला मी उठत होते. आणि सगळ्यात वाईट काय सांगू, बंडू मजेत होता. कितीतरी महिन्यांनी त्याचं शेपूट हलत होतं. नानांच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता, आणि नाना त्याला हात लावायला घाबरत होते.

डॉक्टर आले. इंजेक्शन दिलं. बंडूला उलट्या झाल्या, त्यात मनुके निघाले, पण सगळे निघाले का, हे कोण सांगणार? मूठ कुणी मोजली होती? पायात सुई टोचून सलाईन लावलं. डॉक्टर तरुणच होते, घामाघूम झाले होते. म्हणाले, "एखाद्याला काहीच होत नाही, एखाद्याची किडनी बंद पडते. आधी सांगता येत नाही. एवढं सलाईन जातंय, लघवी झाली पाहिजे. झाली तर किडनी चालू आहे असं धरू. नाही झाली तर मग..." आणि ते बॅग आवरायला लागले.

संध्याकाळ उतरली. सलाईनचा थेंब पडायचा, बंडूचं पोट खाली-वर व्हायचं. तो आता मलूल पडला होता, शेपूट थांबलं होतं. तेजू त्याच्याखालचा फडका सारखा चाचपून बघायची. कोरडा. पुन्हा थोड्या वेळाने. कोरडाच. माझ्या आयुष्यात मी देवाकडे पुष्कळ काही मागितलंय, मुलीचं लग्न, गिरणीला गिऱ्हाईक. पण कुत्र्याला लघवी होऊ दे म्हणून हात जोडायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

नाना एकदम म्हणाले, "ती न्यायला आलीय त्याला. माझ्याच हाताने."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भीतीने माणसाला राग येतो ना, तसं. "काही न्यायला-बियला आलेली नाही. माई असती तर तिने आधी तुम्हाला लाटण्याने बडवलं असतं. इतके महिने का आला नाहीत म्हणून! आता बसलाच आहात तर त्याच्या अंगावरून हात फिरवा. नुसते रडू नका."

"मी याला पाठवलं ना," नाना म्हणाले, "कारण तो रडायचा तेव्हा मला वाटायचं, निदान हा तरी मोकळा रडतोय. मला ते जमत नव्हतं." मग त्यांनी हात फिरवायला सुरुवात केली.

अंधार पडल्यावर मला घरी यावं लागलं. नाना उठले नाहीत. तेजूने पुढे केलेल्या शिऱ्याच्या वाटीला हात लावला नाही, पाणी तेवढं प्यायले. "तो उठेपर्यंत मी उठणार नाही," म्हणाले. उठेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून कुणी त्यांना समजावलंही नाही.

सकाळी गिरणी उघडायच्या आधी मी रिक्षा करून गेले. रस्ताभर एकच विचार, आत गेल्यावर कुणाच्या चेहऱ्याकडे आधी बघायचं? कुत्र्याचं काय झालं ते माणसाच्या चेहऱ्यावर आधी दिसतं. शेडच्या दारात पोहोचले तर तेजू सलाईनची बाटली हातात उंच धरून उभी होती. माझ्याकडे बघून तिने मान हलवली. अजून नाही.

पण बंडू उभा होता. पाय लटपटत होते, मान खाली, पण उभा होता. नानाही त्याच्यासोबत भिंतीला धरून उठले होते. तोच कालचा नवमीचा पांढरा लेंगा, आता चुरगळलेला, उलटीचे डाग पडलेला. कोपऱ्यात बंडूसाठी भाताच्या पेजेची वाटी ठेवली होती, त्याने तोंड लावलेलं नव्हतं. तो दोन पावलं पुढे आला. नानांचा पाय हुंगला. पुन्हा हुंगला. आणि मागचा पाय, तो सलाईन नसलेला, हळूहळू वर उचलला.

"नाना, हलू नका!" तेजू ओरडली. "अजिबात हलू नका!"

नाना हलले नाहीत. पिवळी धार लेंग्यावरून खाली आली, वहाणेत शिरली, कोब्यावर ओघळली. थांबली असं वाटलं, आणि परत सुरू झाली. मी तोंडावर पदर धरला होता. पुढे अजून दोन दिवस सलाईन लागलं, रक्त तपासलं, डॉक्टर रोज येऊन गेले. पाटीवर मनुके आले, ते मोठ्या अक्षरात, माझ्या हाताने. बंडू आता नानांच्या ओट्यावर झोपतो आणि दळणाच्या दिवशी गिरणीत लोळून माझं पीठ नासवतो. ते सगळं नंतरचं. तेव्हा त्या शेडमध्ये फक्त ती धार ऐकू येत होती.

नानांनी डोळे मिटले. गच्चीवर जे त्यांना आदल्या दिवशी म्हणायला मिळालं नव्हतं, ते त्यांनी अगदी हळू आवाजात म्हटलं.

"शिवला."

तेवढ्यात जाळीच्या वरून एक कावळा खाली उतरला आणि सरळ बंडूच्या पेजेच्या वाटीवर येऊन बसला. नानांनी डोळे उघडले, ओला पाय जागचा न हलवता हात उगारला आणि त्याला हाकलून लावलं. "हुश्श! त्याची आहे ती."